‘रो’ लागत नाही, डोकं मात्र गरगरतं

गेल्या अंकात मी शाकुहाचीवर जेमतेम अर्धं पान लिहिलं होतं, म्हणजे ती जपानी बांबूची बासरी जी आडवी नाही तर उभी धरतात आणि जिच्या वरच्या उघड्या तोंडावर फुंकर मारतात. जपानमध्ये काही बौद्ध साधू ती वाजवणं हेच ध्यान मानायचे, त्याला सुइझेन म्हणतात, फुंकण्याचं झेन. एवढंच लिहिलं होतं, पण पत्रं आणि मेल इतके आले की संपादक म्हणाल्या या वेळचं सदर त्यालाच देऊन टाक. नावं देत नाहीये, फक्त गावं. मी स्वतः काही गुरू वगैरे नाही हे आधीच सांगते. जपानी शिकले पुण्यात, मग नोकरीसाठी चार वर्षं तिकडे क्योतोजवळ राहिले, तिथे आठवड्यातून एकदा एका म्हाताऱ्या सेन्सेईंकडे, म्हणजे गुरुजींकडे, जाऊन बसायचे, तेवढंच भांडवल.

प्रश्न : यूट्यूबवर शाकुहाची ऐकून इतकं शांत वाटलं की ऑनलाइन एक मागवली. तीन आठवडे झाले, सूर सोडा, नुसता फुस्स आवाज येतोय. वर पाच मिनिटात गरगरायला लागतं, बोटांना मुंग्या येतात. बायको म्हणते बीपी चेक कर. ध्यानाला बसलोय की सायकलचं चाक फुगवतोय तेच कळेना. (नाशिक)

आधी गरगरण्याचं बघू कारण ते महत्त्वाचं. तुम्ही जोरजोरात आणि पटापट फुंकताय, त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्याने मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून चक्कर आणि मुंग्या. असं झालं की बासरी खाली ठेवायची, नाकाने साधा श्वास घेत दोन-तीन मिनिटं बसायचं, उभं राहून वाजवत असाल तर बसून वाजवायचं. सुरुवातीला हे बहुतेक सगळ्यांना होतं. पण बासरी हातात नसतानाही चक्कर येत असेल तर वहिनींचं ऐका आणि डॉक्टरकडे जा, त्यात झेन आणू नका.

आता फुस्सचं. आपल्या बासरीला फुंकायचं भोक तयार असतं, इथे ते नसतं. नळीचं वरचं टोक उघडं, त्याच्या बाहेरच्या बाजूला एक तिरका छेद, त्याला उतागुची म्हणतात. बाकीचं तोंड तुमच्या हनुवटीने आणि खालच्या ओठाने बंद करायचं, आणि हवेची पट्टी त्या धारेवर अशी सोडायची की अर्धी आत जाईल, अर्धी बाहेर. म्हणजे अर्धं वाद्य बांबूचं आणि अर्धं तुमच्या चेहऱ्याचं. म्हणूनच दुसऱ्याची वाजणारी शाकुहाची आपण हातात घेतली तर मुकी होते.

बशीतला गरम चहा फुंकताना ओठ कसे होतात बघा. मेणबत्ती विझवताना होतात तसे नाही हं, ते फार गोल होतात. चहाचे ओठ. तळहात तोंडापासून वीतभर लांब धरा आणि फुंका, हवा गार आणि एका रेषेत लागली पाहिजे, गरम आणि पसरट लागली तर ओठ सैल आहेत. मग शाकुहाचीची सगळी भोकं उघडी ठेवून, दोन्ही हातांनी फक्त नळी धरून, आरशासमोर उभं राहून फुंका आणि मान अगदी तीळतीळ खाली-वर करा. एका ठिकाणी अचानक आवाज येतो. येतो आणि जातो. तो गेला की चिडून जोर लावायचा नाही, जोर लावून तो कधीच परत येत नाही, उलट फुंकर कमी केली की येतो. मला नऊ दिवस लागले होते आणि त्या दिवशी आलेला सूर म्हणजे स्टेशनबाहेरच्या वाफेच्या कुकरसारखा होता.

आवाज येऊ लागला की वरून एकेक भोक बंद करत खाली जा. पाचही बंद केली की जो सगळ्यात खालचा सूर लागतो त्याचं नाव ‘रो’. तो शेवटी येतो आणि सगळ्यात जास्त त्रास देतो. पण सुइझेनची सगळी इमारत त्याच्यावर उभी आहे.

आणि एक शंका, न विचारलेली. तुम्ही मागवलीय ती शोभेची तर नाही ना? लांबी मोजा. नेहमीची शाकुहाची साधारण साडेचोपन्न सेंटिमीटर असते, कारण नावच माप आहे, एक शाकु आणि आठ सुन, इश्शाकु हास्सुन, त्याचंच शाकुहाची झालं. शाकु म्हणजे ३०.३ सेंटिमीटर. समोर चार भोकं, मागे अंगठ्याला एक. वरच्या धारेला वेगळ्या मटेरियलची छोटी पट्टी बसवलेली असते. धार नुसती कानशीने घासलेली असेल, भोकं कशीतरी ठोकून पाडलेली असतील तर तीन आठवडे नाही तीन वर्षं फुंकलंत तरी अवघड आहे. मग सरळ एबीएस प्लास्टिकची घ्या, दिसायला गरीब पण सुरात असते, माझ्याकडे अजून आहे, प्रवासात तीच नेते.

प्रश्न : मी वीस वर्षं बासरी वाजवतो. पहाटे खर्जाचा रियाज केला की माझं ध्यान होतंच. मग जपानचा बांबू कशाला पाहिजे, आपल्या बासरीत काय कमी आहे? (कोल्हापूर)

काहीच कमी नाही दादा. आणि खरं सांगू, तुम्ही प्रश्नातच उत्तर दिलंय. खर्ज. शाकुहाचीवाले ज्याला रोबुकी म्हणतात, म्हणजे रोज सकाळी दहा-पंधरा मिनिटं फक्त ‘रो’ फुंकायचा, दुसरं काही नाही, ते म्हणजे आपला खर्जाचा रियाजच आहे. मी सेन्सेईंना हे एकदा सांगितलं की आमच्याकडे गवई पहाटे उठून खालचा सा लावून बसतात, तर त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी त्या दिवशी फी घेतली नाही.

फरक आहे तो नंतर. आपण खर्ज लावतो तो पुढे राग गायचाय म्हणून. खर्ज ही तयारी. तिथे ती तयारीच नाही, तिथे तेच सगळं. ‘इचिओन जोबुत्सु’ असं ते म्हणतात, एका सुरात बुद्ध होणं. आता हे ऐकायला भारी वाटतं पण प्रत्यक्षात काय होतं तर तुम्ही एका कडाक्याच्या थंडीच्या खोलीत रॉकेलच्या स्टोव्हशेजारी गुडघे दुमडून बसता, फुंकता, सूर आधी हवेतून निघतो, भरतो, हलतो, बारीक होत जातो, श्वास संपतो, आणि समोरचा म्हातारा डोळे मिटूनच म्हणतो, पुन्हा एकदा. दोन महिने. मला वाटायचं ह्यांना झोप लागलीय. पण ज्या दिवशी माझं लक्ष ऑफिसच्या मेलमध्ये होतं त्या दिवशी ते डोळे उघडायचे, कसं कळायचं माहीत नाही. म्हणजे आता माहीत आहे, सुराच्या शेपटीत कळतं. लक्ष गेलं की सूर संपत नाही, तुटतो.

तुमच्यासारख्या वाजवणाऱ्याला मजा येईल ती दुसऱ्या गोष्टीची. पाच भोकं उघडत गेलात की पांढरी दोनपासून सुरू होऊन सा, कोमल ग, म, प, कोमल नी, वर परत सा, म्हणजे जवळजवळ धानी रागाचे सूर मिळतात. पण जुन्या रचनांमध्ये, त्यांना होन्क्योकु म्हणतात, कोमल रे आणि कोमल ध सारखे लागतात, त्यामुळे गुणक्री राग ऐकलेल्या माणसाला एकदम घरच्यासारखं वाटतं. आणि हे कोमल सूर काढायचे कसे, तर हनुवटी खाली घेऊन. त्याला मेरी म्हणतात, वर उचलली की कारी. मेरीत सूर नुसता उतरत नाही, तो अंधारतो, पातळ होतो, घरातला दिवा कमी केल्यासारखा. आपण सगळे सूर सारखे भरीव लागावेत म्हणून जीव काढतो आणि ते लोक मुद्दाम एक उजेडातला एक सावलीतला असं ठेवतात. तालही नाही. तबला सोडा, मात्राही नाही, एक ओळ म्हणजे एक श्वास, तुमचा श्वास जेवढा तेवढी ओळ.

त्यांच्यात म्हण आहे, मान हलवायला तीन वर्षं, ‘कोरो’ला आठ वर्षं. कोरोकोरो म्हणजे खालच्या भोकांवर बोटं आलटून पालटून उघडझाक करत काढलेला पाण्याच्या बुडबुड्यासारखा आवाज. तुम्हाला आठ लागणार नाहीत, बोटं तयार आहेत. मान मात्र हलवावी लागेल आणि वीस वर्षांची स्थिर मान हलवणं, बघा बुवा.

तर थोडक्यात, बासरी सोडू नका. कुणी ध्यानासाठी म्हणून शाकुहाची घ्यायचा आग्रह करत असेल तर त्याच्याकडे विकायला शाकुहाची आहे असं समजा.

प्रश्न : हे शाकुहाची वाजवणारे, डोक्यावर टोपली घातलेले साधू म्हणजे शोगुनचे, तिथल्या लष्करी सत्ताधीशाचे, हेर होते असं मी वाचलंय. मग सुइझेन वगैरे सगळं आताच्या वेलनेसवाल्यांनी रंगवलेलं नाही का? उगाच पवित्र करून सांगू नये. (ठाणे)

काका, तुमची पत्रं मला आवडतात, दर वेळी थोडी भीतीही वाटते.

ते साधू म्हणजे कोमुसो. शब्दाचा अर्थ शून्याचे, पोकळीचे संन्यासी असा काहीतरी. डोक्यावर विणलेली खोल टोपली, तेंगाई, चेहरा पूर्ण झाकलेला, गळ्यात भिक्षेची पेटी, हातात शाकुहाची. दारोदार वाजवायचं, भिक्षा घ्यायची. टोपली कशाला, तर ‘मी’ दिसू नये म्हणून. ही त्यांची बाजू. त्यांचा पंथ फुके पंथ, आणि आपल्या फुंकण्याशी त्याचा काही संबंध नाही, चीनमधल्या एका जुन्या विक्षिप्त साधूच्या नावाचं ते जपानी रूप आहे. तो घंटा वाजवत फिरायचा, त्या घंटेची नक्कल बासरीवर केली गेली आणि तीच पहिली रचना, अशी कथा. कथाच ती.

आता तुमची बाजू. एदो काळात म्हणजे १६०३ ते १८६८, या पंथात सामुराई वर्गातल्यांनाच घेत, आणि शांतता झाल्यामुळे धनी गेलेले, बेकार झालेले सामुराई, रोनिन, ढिगाने होते. त्यांना यात पोट भरायची सोय झाली, इज्जतीने. शिवाय कोमुसोंना मुलूखभर फिरायची मोकळीक होती जी त्या काळी साध्या माणसाला अजिबात नव्हती. ती मोकळीक कशाच्या जोरावर, तर तोकुगावा घराण्यातल्या पहिल्या शोगुनने १६१४ मध्ये दिलेली सनद म्हणून एक कागद ते दाखवायचे, आणि तो कागद बनावट होता हे आता अभ्यासक मानतात. चेहरा झाकलेला, कुठेही जायची परवानगी, सगळे माजी सैनिक. हेरगिरीचा संशय येणार नाही तर काय. काहीजण हेर असतीलही. आपल्याकडे बहिर्जी नाईकांची माणसं कुठल्या कुठल्या वेशात फिरायची त्याच्या गोष्टी लहानपणापासून ऐकतोच की, म्हणून काही खरे गोसावी खोटे ठरत नाहीत.

पण मग त्याच पंथातला एक माणूस, कुरोसावा किंको, १७१० ते १७७१, फुकुओकाच्या जहागिरीतला सामुराई, देवळादेवळांतून वाजणाऱ्या रचना जमा करत गेला आणि ३६ होन्क्योकुंचा संग्रह मागे ठेवून गेला. नुसत्या हेरगिरीसाठी किंवा पोटासाठी माणूस एवढं करत नाही. त्या रचना आजही वाजवतात, किंको परंपरा म्हणून.

१८७१ मध्ये मेइजी सरकारने, म्हणजे शोगुन गेल्यावर आलेल्या सम्राटाच्या सरकारने, फुके पंथच बरखास्त केला. भीक मागत फिरणं बंद, पंथ बंद. वाद्य वाचलं कारण ते कोतो आणि शामिसेन या तंतुवाद्यांबरोबर मैफिलीत जाऊन बसलं, धर्माचं होतं ते संगीताचं झालं. क्योतोत तोफुकुजी देवळाच्या आवारात म्योआनजी नावाचं छोटं देऊळ आहे, तिथे मात्र पंथ गेल्यावरही लोक वाजवत राहिले, १८९० मध्ये म्योआन क्योकाई नावाची संस्थाही झाली. म्योआन म्हणजे उजेड-अंधार. मी तिथे गेले तेव्हा एक गृहस्थ अंगणात वाजवत होते, वाजवून झाल्यावर टोपली काढली, खिशातून रुमाल काढून घाम पुसला, आणि माझ्याशी बोलताना कळलं की ते रिटायर्ड बँकवाले. आता कोमुसो म्हणजे बहुतेक असेच, आठवडाभर शर्ट-पँट, एखाद्या रविवारी टोपली.

तेव्हा वेलनेसवाल्यांनी रंगवलंय हे खरंच, त्या ॲपमधल्या पावसाच्या आवाजावर ठेवलेल्या शाकुहाचीचा मलाही वैताग येतो, त्यात फुंकरीचा खरखरीत भाग, मुराइकी, जो या वाद्याचा प्राण आहे तो पुसूनच टाकलेला असतो. पण वर्ख खोटा म्हणून खालची बर्फी खोटी नाही.

प्रश्न : मी इगतपुरीला दोन वेळा दहा दिवसांचं शिबिर केलंय. घरी बसल्यावर मन फार पळतं. आधी शाकुहाची वाजवून मग विपश्यनेला बसले तर चालेल का? शिबिरात नेता येईल का? (पुणे, एक ताई)

शिबिरात नाही नेता येणार, तिथे वाद्यं, गाणी, वाचन, लेखन सगळंच बंद असतं हे तुम्हाला माहीत आहेच, विचारूही नका.

घरचं सांगते पण हे माझं मत, तुमच्या आचार्यांना विचारलंत तर ते जास्त बरोबर सांगतील. आनापानमध्ये, म्हणजे शिबिरातल्या श्वास बघण्याच्या ध्यानात, काय सांगतात, श्वास जसा आहे तसा बघा, लांब तर लांब, आखूड तर आखूड, त्याला हात लावू नका. आणि शाकुहाचीत आपण करतो काय, तर श्वासाला हातच लावतो. पटकन तोंडाने आत, आणि मग बाहेर सोडताना पंधरा-वीस सेकंद ताणायचा, वळवायचा, बारीक करायचा. दोन्ही श्वासाच्याच गोष्टी पण एक नुसतं बघणं आणि एक कारागिरी.

मी सुरुवातीला तुमच्यासारखंच करायचे, आधी वाजवायचं मग बसायचं. झालं काय, की बसल्यावरही मी आपली प्रत्येक श्वासाला मार्क देत बसले, हा चांगला होता, हा हलला, हा लवकर संपला. कीर्तनकाराच्या बायकोला जसं घरी नवरा साधं बोलला तरी आख्यान वाटत असेल तसं. मग उलटं केलं. पहाटे आधी बसायचं, नंतर चहाच्या आधी दहा मिनिटं रो. हे जमलं. आणि मन पळतं त्याचं म्हणाल तर शाकुहाचीने पळायचं थांबत नाही हो, फक्त पळाल्याचा आवाज येतो. गप्प बसून ध्यान करताना वीस मिनिटं भाजीचा हिशोब केला तरी कुणाला पत्ता नसतो, आपल्यालाही नसतो. इथे सूर लगेच चुगली करतो. मला एवढाच उपयोग वाटतो आणि मला तो पुरतो.

प्रश्न : भावाने जपानहून बांबूची शाकुहाची आणली. इकडे उन्हाळ्यात ४५ च्या पुढे जातं. तडकेल का? (चंद्रपूर)

तडकेल. माझी पुण्यात तडकली, तीही मार्चमध्ये. कपाटावर ठेवली होती, रात्री ‘टक्’ असा आवाज आला, मला वाटलं पाल पडली. सकाळी बघते तर मागच्या भोकापासून खाली केसाएवढी रेघ.

तिकडची हवा दमट, बांबू तिथलाच, मादाके जातीचा, मुळाजवळचा भाग घेऊन वर्षानुवर्षं वाळवलेला, आणि आतून लाखेचा थर. बाहेरून आणि आतून वेगवेगळ्या वेगाने सुकला की फाटतो. म्हणून वाजवून झालं की आतून दोरीला बांधलेलं फडकं ओढून ओल पुसायची, तासभर सावलीत मोकळी ठेवायची आणि मग प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बंद करून ठेवायची. पुसल्याशिवाय पिशवीत घातलीत तर पावसाळ्यात बुरशी. कूलरच्या झोतासमोर, एसीखाली, गाडीत, खिडकीच्या उन्हात अजिबात नाही. एप्रिल-मे तर ती पिशवीतच राहू दे आणि प्लास्टिकची वाजवा, भावाला वाईट वाटेल म्हणून रोज बाहेर काढू नका. रेघ पडलीच तर घाबरायचं नाही, जाणकार माणूस तिथे बारीक खाच पाडून नायलॉनचा दोरा घट्ट आवळून बांधतो, माझीला असे तीन पट्टे आहेत आणि आवाजात काही फरक पडलेला नाही. फेविक्विक भरू नका. मी भरलं होतं.

प्रश्न : वय ७१. कवळी आहे. मला जमेल का? नातू हसतो. (डोंबिवली)

जमेल आजी, कवळी घालूनच वाजवायचं, कारण ओठांना मागून आधार लागतो, आणि ती घट्ट बसलेली पाहिजे, हलत असेल तर आधी दातांच्या डॉक्टरकडे. बीपी, दमा, डोळ्यांचं ऑपरेशन असं काही असेल तर फुंकायचं वाद्य घेते म्हणून डॉक्टरांना सांगून ठेवा. पाठीला टेका असलेल्या खुर्चीत बसा, सलग पाच मिनिटांच्या वर नाही. आणि नातवाच्या हातात द्या एकदा, त्याचंही फुस्स होतं का बघा.

प्रश्न : वाजवायचं नाहीये, नुसतं ऐकायचंय. सुरुवात कशाने करू? (म्हापसा)

‘त्सुरु नो सुगोमोरी’पासून करा, यामागुची गोरो यांनी वाजवलेलं. करकोच्यांचं घरटं. जेमतेम पाच मिनिटांचं आहे, त्यात पंखांची फडफड ऐकू येते, ती जीभ आणि बोटांनी काढतात. ध्यानाचं संगीत म्हणून मंद दिवे वगैरे लावून नका ऐकू, भांडी घासताना ऐका, मग मध्येच हात थांबेल.

हेच का सांगतेय, तर १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली ना, पृथ्वीवरचे आवाज म्हणून, त्यात जपानकडून हे आहे. आणि त्याच तबकडीवर तुमच्याच गोव्यातल्या, फोंडा तालुक्यातल्या केरीच्या केसरबाई केरकर आहेत, ‘जात कहाँ हो’, भैरवी. दोन यानांतलं नंतरचं यान सुटलं त्याच सप्टेंबरात केसरबाई गेल्या. दोन्ही एकामागोमाग एक लावून बघा एकदा, आधी केसरबाई, मग शाकुहाची. उलट क्रमाने मी लावून पाहिलंय, केसरबाई सुरू झाल्या की आधीचं काही लक्षातच राहत नाही.